अन्नपूर्णा सर्किटवरची टीहाउस, माझा रिव्ह्यू

नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किट हा ट्रेक करायचा ठरवला असेल तर तंबू, स्टोव्ह काही नेऊ नका, वाटेवर गावोगावी टीहाउस (राहायची-जेवायची साधी लॉज) आहेत आणि ती मला मनापासून आवडली. खोली एकदम साधी, फळ्यांच्या भिंती, दोन कॉट, बाजूचा खोकला तरी ऐकू येतो, पण भाडं कमी कारण जेवण तिथेच घ्यायचं अशी पद्धत आहे. दालभात घ्या, डाळ भात भाजी परत परत वाढतात, दिवसभर सॅक वाहिल्यावर याच्यासारखं काही नाही!! जसजसं वर जाल तसे दर चढतात, गरम पाण्याची आंघोळ आणि चार्जिंगचे वेगळे पैसे, त्यात गैर काही वाटलं नाही कारण सामान खेचरांवरून येतं.

मनांग (साधारण ३५०० मीटर) इथे एक दिवस जास्तीचा थांबाच, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे डॉक्टर सीझनमध्ये उंचीच्या त्रासावर माहिती देतात, ते नक्की ऐका, पुढे ‘थोरोंग ला’ ही खिंड ५४१६ मीटरवर आहे आणि डोकं दुखत असताना कोणी वर चढू नये.

न आवडलेलं म्हणजे जीपचा रस्ता, धूळच धूळ, त्यापेक्षा लाल-पांढऱ्या खुणांची पायवाट धरा. वरच्या एका टीहाउसमध्ये टॉयलेट फार घाण होतं आणि सांगूनही कोणी लक्ष दिलं नाही. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र प्लीज घेऊ नका, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या जवळ ठेवा.