मॉडेल विमानाला रंग कोणता: अ‍ॅक्रिलिक की इनॅमल?

धुळ्याच्या मित्राने १/७२ मापाचा मिग-२१ जोडलाय. रंगवायचाय ब्रशनेच, आणि दिवस मे महिन्याचे. रंग दोन: पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक किंवा थिनरने पातळ होणारं तेलकट इनॅमल. डबीवर काय छापलंय ते सोडा. आपल्याकडचा उन्हाळा काय करतो ते बघा.

वाळणं हाच कळीचा मुद्दा. पारा ४५ अंशांकडे गेला की अ‍ॅक्रिलिक ब्रशच्या टोकावरच सुकतं. मिगचा त्रिकोणी पंख अर्धा होईस्तोवर आधीची कड वाळते, रंगाचा दुसरा हात तिला ओढतो आणि गुठळ्या उठतात. उपाय आहे: डबीच्या झाकणात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, रंग त्यावर काढायचा आणि रिटार्डरचा (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंब. हात पातळच, पण दोन-तीन. इनॅमल सावकाश वाळतं, त्यामुळे ब्रशच्या रेषा आपोआप बसतात. मात्र दुसऱ्या हातापूर्वी निदान एक दिवस थांबावं लागतं, आणि खान्देशातली धूळ थांबत नाही. मॉडेलवर खोकं पालथं घालाच.

वास? इनॅमलला थिनर लागतो. दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. अ‍ॅक्रिलिकचा ब्रश बहुधा पाण्याने निघतो.

पॅनेलच्या रेषांत, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या खाचांत, इनॅमल वॉश (खाचा उठून दिसाव्यात म्हणून सोडलेला अगदी पातळ रंग) सोडणार असाल, तर खालचा वाळलेला अ‍ॅक्रिलिक टिकतो. खाली इनॅमलच असेल तर वॉश पुसताना रंगही निघू शकतो; मध्ये अ‍ॅक्रिलिक क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) थर हवाच.

घरात लहान मुलं, एकच खोली, रोज तासभर सवड: अ‍ॅक्रिलिक. गच्चीवर मोकळी सावली आणि थांबायची तयारी असेल, शिवाय ब्रशनेच गुळगुळीत फिनिश हवं असेल, तर इनॅमल. मित्राला मी अ‍ॅक्रिलिकच सांगितलंय, पहाटे रंगवायच्या अटीवर.