म्हातारपण मोजायचं, तर श्वास घ्यावा की रक्ताचा थेंब?

विदर्भातल्या खेड्यांत वृद्धत्वावर काम करायचं म्हटलं की पहिली अडचण नमुन्याची. श्वास गोळा करावा की बोटाचं रक्त? मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून हे चार शब्द.

आधी श्वास, कारण मोह तिकडेच होतो. सुई नाही, हवा तितक्यांदा घ्या, आज्या हसत हसत नळीत फुंकतात. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये श्वासात अडीचशेच्या आसपास पदार्थ दाखवले, तेव्हापासून यादी वाढतेच आहे. पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडीकरण झालं की इथेन, पेंटेन हे वायू बाहेर पडतात, म्हणजे झीज श्वासातूनच कळावी. कागदावर याहून सोयीचं काही नाही.

माझं घोडं अडलं ते खर्र्यापाशी. उपाशीपोटी या म्हटलं की बाबा चहासुद्धा न घेता येतात. पण ओसरीवर बसल्या बसल्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटणं सुरूच. "उपाशी राह्यलो ना बाप्पा, आता खर्राबी नाही का?" यावर काय बोलणार? यंत्राला मात्र बाबांच्या वयाआधी तंबाखू दिसते. आजींचं तसंच चुलीपायी. खोलीतल्या हवेचा वेगळा नमुना घेऊन वजाबाकी करतात खरी, पण धुरातलं बेंझिन एकदा रक्तात उतरलं की नंतरही श्वासातून येत राहतं, ते कसं वजा करणार? उपास धरला की श्वासातलं अ‍ॅसिटोन चढतं. आयसोप्रीन हा श्वासातला आणखी एक पदार्थ, तो तर माणूस चालायला लागताच उसळतो, मग उतरतो. शेतातून आल्याआल्या फुंकलं की विसावून, यावर आकडा बदलतो. आज सकाळचा हिशेब श्वास चोख देतो. मला सत्तर वर्षांचा हवा होता.

रक्ताचा थेंब याबाबतीत जरा मठ्ठ आहे, आणि तेच बरं. शास्त्रज्ञ स्टीव्ह होर्व्हाथ यांचं २०१३ चं 'घड्याळ', म्हणजे वयाचा अंदाज बांधायची पद्धत, डीएनएवरच्या ३५३ जागांचं मेथिलेशन, म्हणजे तिथे चिकटलेल्या रासायनिक खुणा, पाहतं. तंबाखूची छाप मेथिलेशनवरही पडते, पण ती वर्षानुवर्षांच्या सवयीची, सकाळच्या पुडीची नाही. थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचा, सावलीत वाळवायचा, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत पाकिटात घालायचा. मे महिन्याच्या उन्हात बर्फाचा डबा सांभाळत फिरायला नको. पावसाळ्यात कागद लवकर वाळत नाही आणि मुंग्या येतात, एवढाच काय तो ताप. टोचण्याची धास्ती मला होती तितकी निघाली नाही. सिकलसेलच्या तपासण्यांमुळे गावांना ते नवं नाही. "रक्त कमी होते" अशी कुरकुर होते, थेंब पाहिला की थांबते.

एक डोकेदुखी दोन्हीकडे सारखीच. आकडा ताडून पाहायला खरं वय लागतं, आणि आधारवर कित्येक म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी! १९७२ च्या दुष्काळात पोरं केवढी होती, असं विचारत वय बसवावं लागतं.

तुमचा विषय चुलीचा धूर आणि फुप्फुसं असेल, तर श्वासच घ्या, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण वय हाच विषय असेल आणि पैसे एकालाच पुरणार असतील, तर मी तरी आधी लॅन्सेटचा, म्हणजे बोट टोचायच्या सुयांचा, डबा मागवीन. मेथिलेशनची तपासणी महाग पडते, नमुने बाहेर पाठवावे लागतात. तो खर्च प्रस्तावातच धरा.