गब्रीएल की मीखाएल? दोघंही देवदूत, पण कामं एकदम वेगळी

बायबलमध्ये नावानिशी येणारे देवदूत खरंतर मोजकेच, त्यातले हे दोघं फेमस आणि लोक सर्रास मिक्स करतात.

गब्रीएल म्हणजे निरोप्या. दानीएल संदेष्ट्याला दृष्टान्ताचा अर्थ सांगायला हाच, आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात जखऱ्या नावाच्या याजकाकडे आणि येशूची आई मरीया हिच्याकडे येतो तोही हाच. मला जखऱ्याचा सीन जास्त आवडतो, बिचारा म्हातारा मंदिरात धूप जाळतोय आणि वेदीच्या उजव्या बाजूला अचानक हा उभा, म्हणतो तुला मुलगा होणार, जखऱ्या म्हणतो कशावरून, तर मूल होऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचाच बंद! मरीयेनेही प्रश्न विचारलाच की, पण तिला नीट समजावून सांगितलं. (पार्शलिटी? नाही, तिचा प्रश्न 'कसं होईल' असा होता, पुरावा मागितला नव्हता.)

मीखाएल मात्र योद्धा. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या १२व्या अध्यायात तो आपले दूत घेऊन अजगराशी, म्हणजे सैतानाशी, लढतो. आद्यदेवदूत (म्हणजे प्रमुख देवदूत) हा शब्दही बायबलमधल्या यहूदाच्या पत्रात त्यालाच लावलाय, गब्रीएलला बायबलमध्ये कुठेच नाही. पण गंमत बघा, त्याच पत्रात मोशेच्या मृत शरीरावरून सैतानाशी वाद झाला तेव्हा हा एवढा लढवय्या स्वतः शिव्याशाप देत नाही, फक्त 'प्रभू तुला धमकावो' म्हणतो.

कॅथलिक चर्चमध्ये आता दोघांचा सण एकाच दिवशी, २९ सप्टेंबरला. आणि १९५१ मध्ये पोपनी गब्रीएलला टेलिकम्युनिकेशनवाल्यांचा आश्रयदाता संत केलं, जे अगदी फिट बसतं.

मला विचाराल तर गब्रीएलच, कारण त्याच्या भेटीत माणसं बोलतात, घाबरतात, प्रश्न विचारतात.