मिक्स दाणा, पेलेट आणि आठवडी बाजार: पाळीव पोपटाच्या खाद्याची पारख

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की परभणी, पक्ष्यांच्या दुकानात जाऊन "पोपटाला काय खायला देऊ?" असं विचारलं की हातात एकच वस्तू पडते: प्लॅस्टिकच्या पिशवीत तोललेला मिक्स दाणा. सोबत पाण्यात टाकायचं टॉनिक आणि रंगीबेरंगी पेलेटची, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या तयार खाद्यगोळ्यांची, बरणी. हा आढावा याच वस्तूंचा आहे, आणि त्यांच्याशी खरी स्पर्धा करणाऱ्या आपल्या मंडईचा. निकाल आधीच सांगतो: दुकानातून न फोडलेल्या पाकिटातले साधे पेलेट, थोडा स्वच्छ दाणा आणि समुद्रफेस (कॅल्शियमसाठी पक्ष्याला कुरतडायला द्यायचं कटलफिशचं पांढरं हाड) एवढंच घ्या. उरलेला पैसा माळव्यावर, म्हणजे ताज्या भाजीपाल्यावर, खर्च करा.

इथे लिहिलेलं बजी, कॉकाटील, लव्हबर्ड, कोन्यूर आणि आफ्रिकन ग्रे या परदेशी जातींच्या पोपटांसाठी आहे. लाल चोचीचा आपला हिरवा पोपट आणि त्याचा मोठा भाऊबंद पहाडी पोपट पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. दुकानदार पडद्याआडून पिलू दाखवत असेल तर तिथून दाणाही घेऊ नका. कोन्यूर, ग्रे, मकाऊ यांची कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, तेही विसरू नये.

आता सुटा मिक्स दाणा. शंभर ग्रॅम घेऊन ताटात पसरा आणि निवडा. बाजरी, राळा, साळ, सूर्यफूल, करडई, भरडलेला मका, कधी हरभऱ्याची डाळ, कधी शेंगदाणे. पिशवी भरलेली दिसावी म्हणून सूर्यफूल जास्त घातलेलं असतं, आणि पक्षी नेमकं तेच आधी उचलतो. सूर्यफूल म्हणजे त्याचं फरसाण. चव भरपूर, तेल भरपूर, पण जीवनसत्त्व अ जवळजवळ नाही आणि कॅल्शियम फारच कमी. वर्षानुवर्षं एवढ्यावरच ठेवलेल्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साठते, चोच वेडीवाकडी वाढते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाकपुड्या चिकटतात, शिंका येतात, डोळ्यांभोवती सूज येते, तोंडात पांढरे चट्टे दिसतात. घरचे म्हणतात सर्दी झाली. खरं दुखणं वाटीत असतं. सूर्यफुलाऐवजी करडई द्या, ती हलकी असते, असं दुकानात सांगतात. करडईसुद्धा तेलबीच आहे. मराठवाड्यात ती स्वस्त मिळते, हाच तिचा खरा गुण.

दाणा ताजा आहे का, हे घरीच कळतं. मूठभर दाणा नाकाशी धरा. खवट किंवा कुबट वास आला तर परत करा. दाण्याला दाणा जाळीने चिकटलेला असेल, तळाशी पीठ जमलं असेल तर आत अळी किंवा सोंडे आहेत. सगळ्यात खात्रीची परीक्षा मोडाची: चमचाभर बाजरी आणि राळा आठ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधा. दोन दिवसांत निम्म्याहून कमी दाण्यांना मोड आले तर तो माल जुना आहे. चांगला निघालेला दाणा चाळून धूळ काढा, तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे किडीची अंडी मरतात, मग झाकणाच्या डब्यात भरा. मिक्समध्ये शेंगदाणे असतील तर ते निवडून फेकून द्या. साठवणीत ओल लागलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी धरते, तिचं विष यकृतावर जातं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. दाणा वरून स्वच्छ दिसला तरी ते आत असू शकतं.

अजून एक गोष्ट, जिच्यापायी पक्षी खरोखर उपाशी मरतात. पोपट दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो. लांबून वाटी भरलेली दिसते, आत फक्त फोलपटं असतात. रोज सकाळी वाटी पूर्ण रिकामी करून नव्याने भरायची, वरून भर घालायची नाही. सुट्या मिक्सला आमच्याकडून पाचपैकी दीड गुण, आणि तेही बजी आणि कॉकाटीलपुरते. हे दोघे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावर गवताचं बी खाणारे आहेत, त्यामुळे त्यांच्या ताटातून दाणा पूर्ण काढायची गरज नाही.

पेलेटचं म्हणाल तर फळांच्या आकाराचे लाल, हिरवे, जांभळे तुकडे दुकानात पुढे मांडलेले असतात. त्यांत बहुधा साखर आणि रंग असतो. रंगाचा खरा तोटा वेगळाच: विष्ठा रंगीत होते आणि आजाराची पहिली खूण झाकली जाते. तपकिरी, साधे पेलेट घ्या. हॅरिसन्स, झूप्रीमचे नॅचरल, व्हर्सेले-लागाचे न्यूट्रीबर्ड ही परदेशी नावं पक्षीपाळांत चालतात. जिल्ह्याच्या गावी ती बहुधा मागवावीच लागतात. बरणीतून सुटे तोललेले पेलेट कितीही स्वस्त असले तरी घेऊ नयेत. पाकीट कधी फोडलं ते कळत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात तापलेल्या बरणीत जीवनसत्त्वं टिकत नाहीत. तारीख पाहून लहान पाकीट घ्या, हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांत संपवा. साध्या, न फोडलेल्या पेलेटला चार गुण. एक गुण किमतीपायी कापला आहे.

आता मंडई. औरंगपुऱ्याची भाजी मंडई, लातूरची गंजगोलाई, छावणीचा गुरुवारचा बाजार किंवा तुमच्या तालुक्याचा आठवडी बाजार. पोपटाचं जेवण इथे सगळ्यात चांगलं मिळतं, पण खरेदीचा क्रम चुकतो. लोक फळांकडे धावतात. आजची लागवडीची फळं गोड आणि पाणीदार असतात. पोपटाला त्यांची गरज थोडी, पाल्याची आणि पिवळ्या-नारिंगी भाज्यांची जास्त. चार वाटे भाजी, एक वाटा फळ, हे प्रमाण धरा. कॉकाटील, लव्हबर्ड किंवा छोट्या कोन्यूरला रोज एक मोठा चमचा चिरलेलं ताजं खाणं पुरतं, बजीला एक छोटा चमचा, ग्रेला तीन ते चार मोठे चमचे. कॉकाटीलच्या चमच्यातलं फळ म्हणजे डाळिंबाचे पाच-सहा दाणे किंवा पेरूची नखाएवढी फोड, बस्स.

बारमाही आधार तीन वस्तूंचा. पहिला लाल भोपळा, म्हणजे आपलं काशीफळ. कच्चं किसून किंवा पाच मिनिटं वाफवून द्या, बियाही धुऊन देता येतात. दुसरा शेवग्याचा पाला. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही यात भरपूर, आणि गल्लीत कुणाच्या तरी दारात झाड असतंच. फांदीच पिंजऱ्याला बांधा, पक्षी तासभर गुंततो. तिसरी हिरवी किंवा लाल मिरची. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, कारण त्यांच्या मज्जातंतूंवरचा ग्राही, म्हणजे तिखट ओळखणारा भाग, मिरचीतल्या कॅप्सायसिनला दाद देत नाही. घरोघरी मिठूला मिरची देण्याची रीत होती ती योग्यच होती. चुकत होतं ते सोबत रोज फक्त भिजवलेली डाळ देणं. या तिघांच्या जोडीला गाजर, मेथी, कोथिंबीर, गवार, मक्याचं कोवळं कणीस. पालक, चाकवत, अंबाडी, बीटाचा पाला आठवड्यातून एखाद्या वेळी, कारण त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

हिवाळ्यात मराठवाड्यासारखी चैन पोपटाला क्वचितच कुठे असेल. हुरडा! गूळभेंडीचं कोवळं कणीस, भाजलेलं नाही, मीठ-चटणी लावलेलं तर नाहीच, तसंच दांड्यासकट पिंजऱ्यात अडकवा. दुधाळ दाणा चावायला सोपा, आणि कणसातून एकेक दाणा सोडवताना पक्ष्याला काम मिळतं. कंटाळून स्वतःची पिसं उपटणाऱ्या पक्ष्याला अशा कामाची फार गरज असते. मात्र ज्वारीचा कोवळा पोंगा आणि हिरवी पानं देऊ नका. त्यांतून सायनाइड तयार होतं, जनावरांना त्याने विषबाधा होते हे शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. याच दिवसांत हरभऱ्याचे हिरवे घाटे मिळतात, पण आंबट पाला नको. पेरू बियांसकट चालतो. बोराची आठी काढून फक्त गर द्या.

उन्हाळ्यात पिकलेला केसर आंबा, पपई, खरबूज. कलिंगडात पाणीच जास्त, ते खाल्ल्यावर विष्ठा पातळ दिसते. घाबरू नका, ती लघवी वाढलेली असते, हगवण नव्हे. दोन-तीन तासांत पूर्ववत झाली नाही तर मात्र डॉक्टर गाठा. पावसाळा सरताना बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ बाजारात येतं. गर देता येतो, पण प्रत्येक बी मोजून काढायची. ती विषारी आहे, तिची पूड उवा मारायला वापरतात. सफरचंद, जर्दाळू, पीच यांच्या बियाही तशाच वर्ज्य. जालन्याची मोसंबी एखादी फोड, बी काढून.

द्राक्षांबद्दल मत कडक आहे. त्यांच्यावर फवारण्या बऱ्याच होतात, आणि शंभर ग्रॅमच्या पक्ष्याला थोडासा अंशही पुष्कळ होतो. द्यायचीच तर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं बुडवा, चोळून धुवा आणि साल काढा. आत शिरलेलं औषध कशानेच निघत नाही. म्हणून आमची पसंती डाळिंबाला, त्याची जाड साल आपण टाकूनच देतो. इतर भाज्याही सोड्याच्या पाण्यातून काढून कोरड्या करा. ओली चिरलेली भाजी लवकर आंबते.

वेळ फार महत्त्वाची. ताजं खाणं सकाळी सहा-साडेसहाला, पक्षी भुकेला असताना ठेवा आणि दोन तासांत उचला. एप्रिल-मेमध्ये एका तासात. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत पडलेली पपई जंतूंचं घर होते. पाणी दिवसातून दोनदा बदला, टंचाईच्या दिवसांतही. वाटीभर पाण्याचाच प्रश्न असतो.

मोड आलेले मूग आणि मटकी उत्तम. आठ तास भिजवा, फडक्यात बांधा, उन्हाळ्यात दर चार-सहा तासांनी स्वच्छ पाण्याने धुवा. इवली शेपटी फुटली की लगेच द्या. आंबूस वास आला तर सगळं फेका, धुऊन वाचवू नका. राजमा कच्चा किंवा मोडाचा कधीच नको, खळखळून शिजवलेलाच.

घरात अ‍ॅव्होकॅडो येत असेल तर पिंजऱ्यापासून लांब. त्यातलं पर्सिन पक्ष्याच्या हृदयावर जातं आणि काही तासांतही मृत्यू येऊ शकतो. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारे दाणे, भजी, सगळं बंद. कौतुकाने चहात बुडवलेलं बिस्किट देणारे पाहुणे घरोघरी असतात, त्यांना स्पष्ट सांगा.

दुकानातलं टॉनिक? शून्य गुण. पक्षी किती पाणी पितो यावर मात्रा अवलंबून राहते, म्हणजे मात्रा कुणालाच ठाऊक नसते. पाण्याची चव बदलल्याने तो कमी पितो, उन्हात त्या गोड पाण्यात जंतू वाढतात, आणि पेलेट खाणाऱ्याला अ व ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊ शकतो. वाळूची पाकिटंही नकोत, पोपट दाणा सोलून खातो, त्याला खडे लागत नाहीत. समुद्रफेस मात्र पूर्ण पाच गुणांचा: पांढरा, खारट वास नसलेला घ्या, दिवसभर पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून, वाळवून तारेने लावा. अंडी घालणाऱ्या मादीला तो हवाच, आणि कॅल्शियम अंगी लागायला सकाळचं कोवळं ऊन थेट, काचेआडून नव्हे, पंधरा-वीस मिनिटं.

शेवटी बदल कसा करायचा. दाण्यावर वाढलेला पक्षी पेलेट म्हणजे खाणं हे ओळखतच नाही. एका दिवसात दाणा बंद केला तर तो भरल्या वाटीसमोर उपाशी राहील. पहिल्या आठवड्यात तीन वाटे दाणा, एक वाटा पेलेट, मग दर आठवड्या-दीड आठवड्याने थोडं पुढे. चार ते सहा आठवडे धरा, बजी सगळ्यात हट्टी. पेलेट कुटून ओल्या भाजीवर भुरभुरा, भाजी दाण्यात घोळवा, पक्ष्यासमोर स्वतः खाऊन दाखवा. रोज सकाळी खाण्याआधी एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅम, बजी ३० ते ४०, ग्रे ४०० ते ५०० ग्रॅम. मूळ वजनाच्या पाच टक्के घट दिसली तर आधीच्या टप्प्यावर परत या, दहा टक्के झाली तर लगेच पक्ष्यांचं कळणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. विष्ठा अगदी थोडी आणि गडद हिरवी-काळी होणं म्हणजे पोट रिकामं आहे, वजन न बघताही त्या दिवशी दाणा परत द्या. हा काटा भांड्यांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, आणि पक्ष्याच्या दुकानातल्या कुठल्याही बाटलीआधी तो घ्या.