रव्याचा केक की अंडी-लोण्याचा? पहिल्यांदा घरी करणाऱ्यांसाठी

तयार मिश्रणाचं पाकीट न आणता घरीच केक करायचा ठरवलंत, तर जुने आणि भरवशाचे प्रकार दोन: दही-तुपातला रव्याचा आणि अंडी-लोण्याचा. सांगलीत उन्हाळ्यात शिकायला सुरुवात करत असाल तर मी रव्याचाच सुचवेन. चवीत लोण्याचा केक सरस असतो, हे मान्य करूनही.

अडचण हवेची आहे. लोण्याच्या केकचं माप सोपं: मैदा, साखर, लोणी प्रत्येकी २०० ग्रॅम आणि तितक्याच वजनाची अंडी, म्हणजे साधारण चार. पण तो हलका होतो तो मुख्यतः फेटण्यामुळे. साखरेचे कण लोण्यात बारीक बुडबुडे अडकवतात आणि भाजताना ते फुगतात. त्यासाठी लोणी बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतकंच मऊ हवं, सुमारे २० अंशांना. एप्रिलमध्ये पारा चाळिशीजवळ जातो तेव्हा फेटता फेटताच ते वितळतं, हवा धरत नाही आणि केक दडस होतो. पहाटे करा, भांडं मधूनमधून फ्रीजमध्ये ठेवा, जमेल. पण नवख्याला हा ताप कशाला? थंडीत हाच केक आनंदाने करता येतो. तेव्हाही अंडी फ्रीजमधून आधी काढून ठेवायची आणि एकेक घालायची, नाहीतर मिश्रण फाटतं. घरी काढलेल्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, म्हणून सुरुवातीला विकतचं बिनमिठाचं बरं.

रव्याच्या केकला उकाड्याचं भय नाही. दीड वाटी बारीक रवा, वाटीभर साखर, पाऊण वाटी दही, अर्धी वाटी पातळ तूप, लागेल तसं दूध. अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुलतो आणि पीठ घट्ट होतं, मग थोडं दूध आणखी घाला. चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा अगदी शेवटी. दह्यातलं आम्ल लागताच सोडा काम सुरू करतो, त्यामुळे नंतर रेंगाळायचं नाही. पिवळा रंग हवा तर आपली सांगलीची हळद चिमूटभर घाला. लेबनॉनमध्ये सफूफ नावाचा हळद-रव्याचा केक घरोघरी करतात, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही. मात्र सोडा जास्त झाला तर हळद लालसर होते आणि केकवर डाग उमटतात, ढोकळ्यावर उमटतात तसेच.

बेदाणे दोन्हींत घाला. तासगावचा बेदाणा दाराशी असताना रंगीत टुटीफ्रुटी मला तरी पटत नाही. कोमट पाण्यात भिजवा, नीट पुसा. लोण्याच्या घट्ट पिठात ते तरंगून राहतात. रव्याचं पीठ सैल झालं तर तळाशी बसतात, म्हणून त्यात निम्मे वरून पेरावेत.

रव्याच्या केकला ओव्हनही लागत नाही. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर रिंग ठेवून दहा मिनिटं तापवा, मग रिंगवर केकचं भांडं ठेवून मंद आचेवर झाकून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढा, पाणी घालू नका. वरचा भाग फिका राहतो, एवढंच. लोण्याच्या केकला मात्र वरून-खालून उष्णता हवी, ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, १७० अंश.

घरात अंडं न खाणारी वडीलधारी मंडळी असतील तर प्रश्न तिथेच मिटतो. पण वाढदिवसाला मधोमध कापून क्रीम भरायचं असेल तर रव्याच्या नादी लागू नका, त्याचा भुगा होतो. तो त्याच दिवशी, चहाबरोबर संपवायचा. लोण्याचा केक आदल्या दिवशी करून, पूर्ण गार झाल्यावर डब्यात बंद करा. दुसऱ्या दिवशी तो नीट कापला जातो आणि चवही मुरलेली असते.