ओपन इलेक्टिव्ह चांगला, त्याची वेळ वाईट: रत्नागिरीतला माझा अनुभव

नव्या शैक्षणिक धोरणाखालची पदवी करतेय, मेजर भूगोल. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याला जोडलेला दुसरा विषय आणि ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आपल्या शाखेबाहेरचा निवडायचा विषय. तिसरं सेमिस्टर संपलं आणि हे लिहितेय ते मुख्यतः ओईच्या तासामुळे.

आमच्याकडे ओई दिवसाच्या अगदी शेवटी असतो. कला, वाणिज्य, विज्ञान अशी तिन्हीकडची मुलं एका वर्गात बसवायची, तर सगळी मोकळी असतात तो हा एकच तास, हे मला कळतं. पण त्या तासाला थांबलं की गावाकडची एसटी जाते आणि पुढची अंधार पडल्यावर. सवलतीचा पास खिशात असताना वडापच्या खाजगी जीपला पैसे द्यायचे, हे मला अजिबात पटत नाही. ओईची २ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला ३० तास. त्यातला प्रत्येक तास आम्हा खेड्यातल्या मुलांना असा विकत घ्यावा लागतो. पावसाळ्यात तर बाहेरगावची मुलं मध्येच उठतात, वर्ग रिकामा होत जातो आणि शिकवणाऱ्याचाही उत्साह जातो. कॉलेजला अर्ज दिला. "सगळ्यांची सोय बघावी लागते," असं उत्तर मिळालं. त्या सगळ्यांत आम्ही येतो की नाही?

पहिल्या वर्षी माझं मत पक्कं होतं की ओई म्हणजे क्रेडिट भरायचा विषय. वाणिज्याचा घेतला होता, नोट्स वाचून पेपर दिला. उशीर झाला की आई विचारायची, "शेवटच्या तासाला असं काय शिकवतात गो?" सांगण्यासारखं काही नसायचं.

ते मत तिसऱ्या सेमिस्टरने बदललं. ओई वनस्पतिशास्त्राचा मिळाला, मायनर इतिहास होताच, शिवाय फिल्ड प्रोजेक्ट. आणि तिन्हीकडे सडाच आला, म्हणजे आमच्याकडचं उघड्या कातळाचं पठार. जोराच्या पावसाने खडकातली सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, त्यातून सड्याचा जांभा दगड होतो, हे भूगोलात पाठ केलेलं. पण अशा कातळावर माती बोटभर आणि नत्र कमी, म्हणून श्रावणात तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू ही किडे खाणारी झाडं उगवतात, मातीत न मिळणारं नत्र ती किडे पचवून मिळवतात, हे वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी गुडघ्यावर बसून दाखवलं. त्याच सड्यावर इतिहासाच्या सरांनी कातळात कोरलेली चित्रं दाखवली. माती नाही म्हणून तिथे नांगर फिरला नाही, तेही चित्रं टिकण्याचं एक कारण, असं ते म्हणाले. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. आम्ही मात्र सड्याला पडीक जमीनच म्हणत आलो.

प्रोजेक्टमध्ये खरा पेच पुढे आला. चिरेखाण, रस्ता किंवा आंब्याची कलमं यांसाठी सडा फोडला की चित्रंही जातात आणि फुलंही. आमच्या घरची कलमंसुद्धा कातळ फोडून, माती भरून लावलेली, आणि घर चालतं ते त्यांच्यावर. त्यामुळे अहवालात 'संवर्धन करावे' एवढं लिहून मला थांबता येईना. कुठला सडा राखायचा आणि कुठे लागवड होऊ द्यायची, हे ठरवायला दगड, झाड, इतिहास आणि घरखर्च एकत्र मांडावं लागतं. एकट्या भूगोलाच्या पदवीत मला ते सुचलं नसतं.

सड्यावरची फेरी रविवारी होती. गाडीची चिंता नव्हती, तर सगळी मुलं आली आणि शेवटपर्यंत थांबली. यावरून तरी कॉलेजने समजून घ्यावं. दिवसाच्या शेवटी तास ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सकाळी दोन तास सलग द्या, तिन्ही शाखांनी तेवढी सकाळ मोकळी ठेवावी.

नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी आधी ओईचं वेळापत्रक मागून घ्या आणि आपल्या एसटीच्या वेळेशी ताडून बघा. वनस्पतिशास्त्राचा ओई मिळत असेल, तर वडापचे पैसे धरूनही तोच घ्या.