लिनक्सवरील गट आणि परवानग्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आम्हा अकरा जणांच्या सामायिक कामाच्या फाइली एका लिनक्स सर्व्हरवर आणल्याला आठ महिने झाले. संपादक, लेखक आणि केवळ वाचणारे असे तीन गट केले, प्रत्येकाला आपापल्या गटात घातले आणि परवानग्यांचे काम एका दुपारी संपले, असे मला वाटले होते. मूळ कल्पना खरोखरच सोपी आहे: प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट आणि उरलेले सगळे, आणि त्या प्रत्येकासाठी वाचणे (४), लिहिणे (२) व चालवणे (१) यांची बेरीज, म्हणजे या क्रमाने तीन आकडे.

पहिल्याच आठवड्यात तक्रार आली की एकाने तयार केलेली फाइल त्याच्याच गटातील दुसऱ्याला उघडता येते, पण बदलता येत नाही. याची कारणे दोन होती. नवी फाइल फोल्डरच्या गटात न जाता ती तयार करणाऱ्याच्या प्राथमिक गटात (त्याच्या खात्याच्या मूळ गटात) जात होती, आणि यूमास्क (नव्या फाइलीला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारा आकडा) ०२२ असल्यामुळे तिला ६४४ ही परवानगी मिळत होती, म्हणजे गटाला फक्त वाचन. फोल्डरवर सेटजिड, म्हणजे आत तयार होणाऱ्या फाइलींना फोल्डरचाच गट देणारी खूण, लावून (२७७५, यातील पहिला २ सेटजिडचा) आणि यूमास्क ००२ करून हा प्रश्न बहुतांशी मिटला. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की, त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरमधून हलवून आणलेली फाइल आपला जुना गट आणि जुनी परवानगी घेऊनच येते, तर कॉपी केलेली फाइल नव्याने तयार होत असल्याने नव्या फोल्डरचा गट घेते. हा फरक समजण्यात माझे तीन दिवस गेले.

फाइल पुसण्याचा अधिकार फाइलीवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरील लेखन-परवानगीवर ठरतो, हे मात्र अनेक अनुभवी मंडळींनाही ठाऊक नसते. केवळ वाचनासाठी ठेवलेला मसुदा एका सहकाऱ्याने सहज पुसला, तेव्हा आम्हाला ते कळले. त्यानंतर त्या फोल्डरवर स्टिकी बिट लावला. सामान्य सदस्याला आता तेथे फक्त स्वतःच्या फाइली पुसता येतात.

सर्वांत मोठी चूक माझीच होती. स्वतःला एका नव्या गटात घालताना आज्ञेतील ‘आधीच्या गटांत भर घाला’ हा पर्याय द्यायचा राहिला, आणि नव्या गटाखेरीज माझे सर्व जोडगट (प्राथमिक गटाव्यतिरिक्तचे गट) गेले, त्यांत प्रशासकाचे अधिकार देणारा गटही. चालू सत्रात काहीच जाणवले नाही, कारण गटांची यादी लॉगिनच्या वेळी ठरते. दुसऱ्या दिवशी मात्र दार बंद. शेवटी रिकव्हरी मोडमधून, म्हणजे सर्व्हर दुरुस्तीसाठी सुरू करण्याच्या पद्धतीने, आत जावे लागले.

एका फाइलीला एकच गट ही मर्यादा चौथ्या महिन्यात जाचू लागली, कारण संपादकांना लेखन आणि लेखकांना वाचन हवे असताना बाकी सर्वांना काहीच द्यायचे नव्हते. त्यासाठी एसीएल (एकाच फाइलीवर अनेक गटांना वेगवेगळ्या परवानग्या देणारी यादी) वापरले आणि फोल्डरवर डीफॉल्ट नोंदीही (आतल्या नव्या फाइलींना आपोआप लागू होणाऱ्या) ठेवल्या, ज्या असल्या की नव्या फाइलींसाठी यूमास्क विचारातच घेतला जात नाही. पण एसीएल असलेल्या फाइलीवर जुन्या, आकड्यांच्या पद्धतीने परवानगी बदलली, तर गटाचा आकडा प्रत्यक्षात मास्कचा (गटांना मिळू शकणाऱ्या परवानगीच्या कमाल मर्यादेचा) होतो आणि नोंदीत लेखन दिसत असूनही ते मिळेनासे होते. म्हणून आता मी एसीएल फक्त दोन फोल्डरांवर ठेवले आहे, आणि बाकीचा सारा कारभार सेटजिड व तीन गटांवरच चालतो.